प्लास्टिकचा डबा आणि बिनजाळाची चूल

आपल्या खेड्यांतील स्वयंपाकघरांत अलीकडच्या वर्षांत जी एक नवी पाहुणी येऊन कायमची राहिली आहे, ती म्हणजे मायक्रोवेव्हची पेटी होय. बार्देश-सासष्टीच्या वाड्यांवर ती आखातातून व बोटीवरून परतणाऱ्या पुत्रांच्या सामानाबरोबर आली. पुढे खानापूर, बेळगाव, चंदगड ह्या बाजूच्या घरांतही लग्नाच्या आहेरात दिसू लागली. जिथे पूर्वी फुंकणी घेऊन चुलीपुढे बसावे लागे, तिथे आता कळ दाबली की दोन मिनिटांत भात वाफाळून बाहेर येतो. ह्या यंत्राशी आमचे काही वाकडे नाही. ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत घेऊन ज्या आयांनी आयुष्ये काढली, त्यांच्या लेकी-सुनांना ही सोय लाभली ह्याचा आम्हांस आनंदच वाटतो. आज आम्ही लिहीत आहो ते त्या पेटीत जे भांडे ठेवले जाते त्याविषयी.

आपल्या घरांतली भांडी पाहा. पितळेचा टोप, ॲल्युमिनियमचे पातेले, लोखंडी कढई, स्टीलचे डबे, वाट्या, ताटे: सर्व काही धातूचे. आणि धातूचे भांडे तर त्या पेटीत ठेवता येत नाही, ठिणग्या उडतात, हे यंत्र विकणाराच प्रथम सांगतो. मग ठेवायचे तरी काय? काचेचा वाडगा म्हणजे कपाटात पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली वस्तू. हाताशी असतो तो आइस्क्रीमचा धुऊन ठेवलेला डबा, तुपाची रिकामी बरणी, हॉटेलातून पार्सलासाठी आलेली पातळ प्लास्टिकची डबी. अशा रीतीने, कोणी ठरविले नसताही, प्लास्टिक हेच त्या पेटीचे भांडे होऊन बसले. रिकामा डबा टाकून न देता धुऊन ठेवणे ही आपल्या घरांची चांगली काटकसर आहे आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र थंड पदार्थासाठी घडविलेल्या डब्याकडून चुलीवरच्या भांड्याचे काम करून घेणे हे त्या डब्यालाही सोसत नाही आणि अन्नालाही.

ह्याचा पुरावा ज्याला त्याला स्वतःच्या घरीच मिळेल. नाताळात केलेले सोरपोतेल घ्या. डुकराचे मांस, काळीज, चरबी, लाल मिरचीचा मसाला आणि माडाचा शिरका ह्यांचा तो पदार्थ. जुन्या काळी तो मातीच्या कुंडल्यात राहत असे, रोज मंद विस्तवावर त्याला एक उकळी दिली जाई, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची खरी चव लागे. आता तोच पदार्थ चार-पाच डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात जातो, आणि लागेल तसा डबा काढून जसाच्या तसा पेटीत तापविला जातो. तो डबा रिकामा झाल्यावर नीट निरखावा. आतल्या बाजूस तांबडा डाग चढलेला असतो. साबण, राख, लिंबू, ऊन, कशानेही तो जात नाही. जिथवर रश्शावरची चरबी पोहोचली होती तिथे पुष्कळदा एक खरखरीत, पांढुरकी, टोचल्यासारखी रेघही दिसते. तो डाग वरवरचा असता तर घासल्याने गेला असता. तो आत शिरला आहे. गरम चरबीने प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ केला, आणि त्या चरबीत विरघळलेला मिरचीचा रंग त्यात उतरला. आणि ज्या वाटेने रंग आत गेला, त्या वाटेने आतले काही बाहेर येऊ शकणार नाही असे कोण म्हणेल?

ही पेटी अन्न तापविते कसे, हे समजल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर हे गृहस्थ रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळीवर काम करीत असता त्यांच्या खिशातली गोड वडी विरघळली, आणि त्यावरून ह्या यंत्राची कल्पना निघाली. स्पेन्सर ह्यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, हे आमच्या विद्यार्थी वाचकांसाठी जाता जाता सांगून ठेवतो. १९४७ साली निघालेले पहिले यंत्र पुरुषभर उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचे होते. ओट्यावर मावेल असे घरगुती यंत्र १९६७ साली बाजारात आले. त्या नळीतून निघणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा दिशा पालटतात. पाण्याचे कण त्या ओढीबरोबर इकडून तिकडे वळू पाहतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातून उष्णता उत्पन्न होते. क्ष-किरणांची जात ती नव्हे. अन्न किरणोत्सर्गी होत नाही, आणि यंत्र बंद होताच लहरीही संपतात. काही वृद्ध मंडळी ह्या पेटीपुढून जाताना अजून अंग चोरून घेतात. त्यांनी निश्चिंत असावे.

प्लास्टिकच्या अंगी पाण्याचा अंश जवळजवळ नसल्यामुळे ह्या लहरी त्यातून आरपार जातात, आणि डबा लहरींनी फारसा तापत नाही. तो तापतो तो आतल्या अन्नाने. पाणी १०० अंशांवर उकळते आणि वाफ होऊन निघून जाते, म्हणून पाणीदार कढी किंवा पेज फार तर तितकीच तापेल. परंतु तेल, चरबी, गूळ, साखर ह्यांना हे बंधन नाही. चरबीचा तवंग, गुळाचा घट्ट पाक हे १०० अंशांच्या पुष्कळ पुढे जाऊ शकतात, आणि तेही सगळीकडे सारखे नव्हे. पेटीतली उष्णता ठिकठिकाणी कमीअधिक असते. मध्ये गार गोळा आणि कडेला कढत तूप, हा अनुभव कोणाला नाही? तेव्हा दोदोलाचा तुकडा किंवा चरबीचे मांस तापविताना डब्याच्या कडेला नेमकी किती उष्णता लागली, हे बाहेरून हात लावून कळण्याजोगे नसते.

आता प्लास्टिकविषयी. प्लास्टिक हे एका वस्तूचे नाव नाही. ते कुळाचे नाव आहे. जपमाळेत मणी ओवावेत त्याप्रमाणे एकाच जातीचे लहान कण हजारोंनी एकमेकांस जोडले म्हणजे लांबच लांब साखळी तयार होते, आणि अशा साखळ्यांच्या गुंत्याला आपण प्लास्टिक म्हणतो. साखळीत पक्का ओवलेला मणी सहसा निसटत नाही. पण त्या गुंत्यात आणखी पुष्कळ पदार्थ नुसते मिसळलेले असतात: रंग, मऊपणा आणणारी तेले, उन्हाने तडकू नये म्हणून घातलेली द्रव्ये, शिवाय ओवायचे राहून गेलेले काही सुटे मणी. ही मंडळी साखळीला बांधलेली नसतात. उष्णतेने साखळ्या सैल पडल्या म्हणजे ती हळूहळू अन्नात उतरू लागतात. ऊन जितके अधिक, चरबी जितकी अधिक, आंबटपणा जितका अधिक, आणि सहवास जितका लांब, तितके हे उतरणे अधिक. सोरपोतेलात ह्या चारही गोष्टी एकत्र नांदतात, म्हणूनच आम्ही वर त्याचा दाखला घेतला. विंदालू, आंबटाची आमटी, खवखवीत तेलाचे लोणचे ह्यांची गोष्ट फारशी निराळी नाही.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली वेष्टनांविषयी जे नियम केले, त्यांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व द्रव्यांची मिळून मर्यादा एका किलोमागे ६० मिलिग्रॅम अशी घालून दिली आहे. मर्यादा घालावी लागते, ह्याचाच अर्थ काही ना काही उतरते. त्याच नियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात अन्न गुंडाळण्यासही मनाई केली. तेव्हा भजी कागदासकट पेटीत ठेवणाऱ्यांनीही ही ओळ वाचावी. परंतु ह्या सर्व परीक्षा ज्या डब्याने दिल्या असतील, तो नवा, आणि ज्या कामासाठी केला त्याच कामाला लावलेला डबा. आइस्क्रीमचा डबा करणाऱ्याने त्यात पुढे तीन वर्षे डुकराचे मांस तापविले जाईल असे मनात आणलेले नसते.

डब्याच्या बुडाशी बाणांचा एक त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. पुष्कळांस वाटते की हा गुणांचा दर्जा आहे. तसे नाही, १९८८ साली अमेरिकेत ही पद्धत निघाली ती भंगार वेगळे करण्याच्या सोयीसाठी, आणि आकडा केवळ कुळातली जात सांगतो. पाण्याच्या व सरबताच्या बाटल्या १ च्या असतात. सत्तर-ऐंशी अंशांवरच त्या मऊ पडतात, कढत पाणी ओतले की आक्रसतात, तेव्हा पेटीचा प्रश्नच नको. ३ म्हणजे पीव्हीसी. त्यात मऊपणासाठी जी थॅलेट जातीची तेले घालतात, त्यांपैकी काही शरीरातील ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करतात असे दिसून आल्यामुळे अनेक देशांनी लहान मुलांच्या खेळण्यांतून ती काढून टाकविली. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोलचा सख्खा भाऊ. उकळत्या पाण्याच्या उष्णतेला त्याचा धीर सुटतो. २ आणि ४ ह्या पॉलिथिनच्या जाती. दुधाची पिशवी त्यातलीच. उरला ५, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १९५४ साली इटलीत मिलान येथे जूलिओ नात्ता ह्यांनी हे सिद्ध केले आणि १९६३ साली त्यांना कार्ल त्सीग्लर ह्यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. ते सुमारे १६० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून पेटीत चालणारे म्हणून जे डबे विकले जातात ते बहुधा ह्याचेच असतात.

‘मायक्रोवेव्हला चालणारे’ हे शब्द बारकाईने वाचावयास हवेत. डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही, हात भाजणार नाही, ह्याची ग्वाही ते प्रथम देतात. त्यातून काहीच अन्नात जाणार नाही असे ते म्हणत नाहीत. पारदर्शक, काचेसारख्या कडक प्लास्टिकचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. त्याचे नाव पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत ते निघाले, आणि पुढे कित्येक वर्षे बाळांच्या दुधाच्या बाटल्या त्याच्याच होत्या. ज्या द्रव्यापासून ते करतात त्यास बिस्फेनॉल-ए म्हणतात. हेच द्रव्य स्त्री-शरीरातील रसासारखे वागते, हे लंडनच्या एडवर्ड चार्ल्स डॉड्स ह्यांनी १९३० नंतरच्या दशकातच दाखवून दिले होते! तरीही त्याच्या बाटल्या झाल्या, त्या उकळल्या गेल्या आणि त्यांतून मुले दूध प्याली. कॅनडाने २००८ साली अशा बाटल्यांवर बंदी घालण्याचे जाहीर केले, युरोपने २०११ साली ती घातली, आणि अमेरिकेने २०१२ साली त्यांची परवानगी काढून घेतली. अमेरिकेने दिलेले कारण मोठे मासलेवाईक होते: द्रव्य घातक ठरले म्हणून नव्हे, तर कारखानदारांनी ते वापरणे सोडूनच दिले होते म्हणून. युरोपच्या अन्न-सुरक्षा संस्थेने २०२३ साली ह्या द्रव्याची रोजची सोसण्याजोगी मात्रा पूर्वीच्या वीस हजारांश इतकी खाली आणली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या भांड्यांतून ते हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. ‘बीपीए-मुक्त’ अशी चिठ्ठी आता बहुतेक डब्यांवर दिसते ती ह्यामुळे. मात्र काही ठिकाणी त्याच्या जागी त्याचेच भावंड, बिस्फेनॉल-एस, आणून बसविले गेले, आणि त्याची वर्तणूकही पुष्कळशी तशीच आढळली. चिठ्ठीवर भिस्त ठेवणाराने एवढे लक्षात ठेवावे.

बिस्फेनॉल ज्यात नाही त्या ५ आकड्याच्या प्लास्टिकची चौकशी अलीकडे वेगळ्याच अंगाने झाली. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली बाळांच्या खाण्याचे डबे घेतले, त्यांत शुद्ध पाणी आणि शिरक्याच्या आंबटपणाचा सौम्य द्रव भरला, आणि ते पूर्ण शक्तीवर तीन मिनिटे तापविले. काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेतून, ४२ लाखांहून अधिक सूक्ष्म कण आणि सुमारे २११ कोटी अतिसूक्ष्म कण बाहेर पडले. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसत होते. त्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मूत्रपिंडाच्या पेशींवर असे कण दाट प्रमाणात सोडले, तेव्हा दोन दिवसांत सुमारे तीन चतुर्थांश पेशी मेल्या. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. काचेच्या बशीतील पेशी म्हणजे बाळाचे मूत्रपिंड नव्हे, आणि इतके दाट प्रमाण जेवणातून पोटात जाते असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पिण्याच्या पाण्यातील अशा कणांविषयी अहवाल काढला, त्यातही आजवरचा पुरावा अपुरा आहे, अधिक संशोधन हवे, असेच म्हटले होते.

पुरावा अपुरा असता कुटुंबाने काय करावे? येथे आम्हांस परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकाची आठवण होते. ते पृथ्वीच्या सांभाळाविषयी आहे, डब्यांविषयी नव्हे. परंतु १९९२ सालच्या रिओ येथील जाहीरनाम्याचा आधार घेऊन त्यात एक विचार मांडला आहे: गंभीर आणि न भरून येणारी हानी संभवत असेल, तर पूर्ण खात्री अजून झालेली नाही ही सबब पुढे करून स्वस्थ बसू नये; आणि ज्यांच्याजवळ स्वतःच्या बचावाचे साधन नाही अशा दुर्बळांच्या बाबतीत तर मुळीच नाही. घरातले सर्वांत दुर्बळ माणूस कोण, हे पाळण्याकडे पाहिल्यास कळते.

म्हणून बाळाच्या दुधाविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहितो. आज वेर्ण्याच्या किंवा उद्यमबागेच्या कारखान्यांत कामावर जाणाऱ्या कित्येक माता सकाळी बाळ आजीच्या स्वाधीन करून बस गाठतात. आजीचे हात थरथरतात, गॅस पेटविणे जड जाते. ती दूध बाटलीत भरते आणि बाटलीच पेटीत ठेवते. आजीच्या मायेत काही उणे नाही. परंतु ह्यात दोन धोके आहेत, आणि त्यांतला पहिला प्लास्टिकचा नव्हेच. पेटीत दूध सारखे तापत नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतला एखादा थर कढत असतो, त्याने बाळाचे तोंड भाजते. दुसरा धोका कणांचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी २०२० साली दाखविले की, पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत कढत पाणी घालून दूध हलविले असता एका लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटू शकतात, आणि पाणी जितके ऊन तितकी ही संख्या चढत जाते.

मातेचे दूध हे सर्वांत उत्तम, हे सांगण्यास आमची गरज नाही. आपल्या देशात तर १९९२ च्या कायद्याने दुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात करण्यासच बंदी आहे. पण जिथे भुकटी द्यावीच लागते, तिथे एक चूक होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो: प्लास्टिकच्या भयाने गार पाण्यात दूध कालवू नये. भुकटीत जंतू असू शकतात, आणि ते मरावेत म्हणून पाणी निदान ७० अंश ऊन असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटली उकळून निर्जंतुक करणेही सोडू नये. करावयाचे ते इतकेच. स्टीलच्या लहान पातेल्यात पाणी उकळावे आणि त्यातले थोडे झाकून निवत ठेवावे. उकळून काढलेली बाटली त्या निवलेल्या पाण्याने तीन वेळा विसळावी. दूध स्टीलच्या किंवा काचेच्या स्वच्छ भांड्यात उन पाण्याने कालवावे, मनगटावर थेंब टाकून सोसेल इतके निवू द्यावे, आणि मग बाटलीत ओतावे. भांडी बदलली, बाकी सारे तेच. आईने काढून ठेवलेले दूध असेल, तर ते पेटीत मुळीच न ठेवता, भांड्यातल्या कोमट पाण्यात बाटली उभी करून ऊबदार करावे. आजीला हे जमते; गॅस पेटविण्याचे काम मात्र कामावर जाण्यापूर्वी सुनेने किंवा मुलाने उरकून, ऊन पाण्याचा थर्मास भरून ठेवावा. बाटली काचेची मिळत असेल तर उत्तमच. ती फुटते, पण पूर्वी आपल्याकडे तीच होती. गर्भवती भगिनींनीही तापविलेल्या प्लास्टिकापासून अंमळ दूरच राहावे, कारण पाळण्यात येण्यापूर्वीचे बाळ त्याहूनही दुर्बळ.

मोठ्यांच्या जेवणासाठी नियम सोपा आहे. अन्न प्लास्टिकात साठवावे, थंड ठेवावे. तापविताना ते बाहेर काढावे. बर्फाच्या कप्प्यातला डबा पाच-दहा मिनिटे पाण्यात धरला की गोठलेला गोळा सुटतो. तो काचेच्या वाडग्यात किंवा चिनी मातीच्या भांड्यात उलटवावा. वाडगा उष्णता सोसणाऱ्या काचेचा असावा. पाणी प्यायच्या साध्या पेल्याची काच एकाएकी तापली तर तडकते. चिनी मातीच्या भांड्याला सोनेरी काठ असेल तर ते वापरू नये, तो काठ धातूचाच असतो आणि ठिणग्या उडवितो. दोन माणसांच्या घराला एक वाडगा पुरतो, आणि त्याची किंमत एका चांगल्या पापलेटाहून फारशी अधिक नसते. वरून झाकण हवे असल्यास काचेची बशी, नाहीतर परसातल्या केळीच्या पानाचा तुकडा घालावा. पानाने पदार्थाला वासही बरा येतो. आणि ज्या घरात ह्यातले काहीच नाही, त्यांच्यासाठी स्टीलचे पातेले आणि गॅसची शेगडी अजून जागच्या जागी आहेत.

मेलामाईनच्या ताटांविषयी दोन शब्द वेगळे लिहावे लागतात, कारण ती पाहण्यात चिनी मातीसारखी दिसतात आणि लग्नकार्यांतून घरोघरी गेली आहेत. ती प्लास्टिकचीच एक कडक जात होय. पेटीत ती स्वतःच तापतात, आणि जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने ७० अंशांवर ती वापरू नयेत, पेटीत तर ठेवूच नयेत, असे सांगितले आहे. त्यांत जेवण वाढण्यास हरकत नाही.

पेटी घरात नाही म्हणून ज्या वाचकांस हा लेख आपला नव्हे असे वाटत असेल, त्यांनी जरा थांबावे. उष्णतेला ती पेटीची की चुलीची हे कळत नाही. उकळता चहा पातळ पिशवीत बांधून शेतावर नेणे, गरम सांबार पिशवीतून आणणे, फेस्ताच्या दिवशी शागुतीच्या टोपातून थेट प्लास्टिकच्या बादलीत ओतणे, ही सारी त्याच घरची भावंडे. कागदी पेल्याचे आतले अंगही प्लास्टिकच्या पातळ थराने माखलेले असते. खरगपूरच्या आयआयटीत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पेल्यात १०० मिलिलिटर ऊन पाणी पंधरा मिनिटे ठेवले असता त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण आढळले. रविवारच्या मिस्सानंतर आपल्या सभागृहांतून ह्याच पेल्यांत चहा फिरतो. धर्मग्रामातील महिला मंडळांनी शंभर स्टीलचे पेले घेऊन ठेवले आणि तरुणांनी ते पाळीपाळीने धुतले, तर पेल्यांचा वर्षाचा खर्च वाचेल हा हिशेब आम्ही खजिनदारांवर सोपवितो.

एक अफवाही येथेच पुसून टाकावी. प्लास्टिक पेटीत तापविले की डायॉक्सिन नावाचे विष निघते आणि त्याने कर्करोग होतो, असा मजकूर गेली वीस वर्षे प्रथम ई-मेलने आणि आता व्हॉट्सॲपने फिरतो आहे, आणि त्याखाली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स ह्या नामांकित संस्थेचे नाव असते. त्या संस्थेने हा मजकूर आपला नसल्याचे केव्हाच सांगितले आहे. डायॉक्सिन निर्माण होते ते कचरा जाळण्यासारख्या प्रखर ज्वलनातून. जेवण तापविण्याच्या उष्णतेला ते होत नाही. गंमत अशी की, ज्या घरातील मंडळी हा मजकूर भक्तिभावाने पुढे धाडतात, त्याच घराच्या परसात संध्याकाळी पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या एकत्र पेटविल्या जातात. डायॉक्सिनची भीती बाळगायचीच असेल तर ती त्या धुराची बाळगावी. तिथेच मुले खेळत असतात.

राहता राहिले ते घरोघरी साठलेले डबे. ते सगळे उकिरड्यावर फेकावेत असे आम्ही म्हणत नाही, तसे केल्यास आमच्या काटकसरी वाचक भगिनी आम्हांस क्षमा करणार नाहीत, आणि उकिरडाही करणार नाही. ज्यांच्यावर तांबडे डाग चढले आहेत, जे आतून खरखरीत किंवा ओरखडलेले आहेत, ते अन्नाच्या कामातून काढावेत. बियाणे, खिळे, शिवणाची बटणे ह्यांना ते उत्तम. जे धड आहेत त्यांत सुके बोंबील, कोकम, रवा, डाळ खुशाल राहू द्यावी. आणि येत्या नाताळात शेजाऱ्याकडे सोरपोतेल धाडताना ते पुरते निवल्यावरच डब्यात भरावे, आणि डबा घेऊन जाणाऱ्या मुलाकडून निरोप सांगून धाडावा की, काकी, हे पातेल्यात काढून तापवा.